नवरदेवाची जन्मवेळ कोणी बदलली?

सर्व सुज्ञ नागरिकांना या लेखाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, काही वर्षांपूर्वी मुंबईच्या पूर्व उपनगरात एका नवरदेवाच्या जन्मवेळेत अर्ध्या तासाचा फेरफार झाला होता. त्यामुळे एक ठरलेलं लग्न, एका संस्थेची अब्रू, एका बाईंची नोकरी आणि एका पोलीस अधिकाऱ्याचं डोकं असं सगळं एकाच वेळी धोक्यात आलं. पहिल्या तिन्हींचं काय झालं ते पुढे येईलच. चौथं अजून पूर्ववत झालेलं नाही.

ती घटना आजही आठवते ती एवढ्यासाठी, की दरोड्यात निदान दरोडा कुठे पडला हे ठाऊक असतं. इथे गुन्हा झालाय की नाही हेच मला कळत नव्हतं, आणि तरी एक बाई तुरुंगाच्या वाटेवर होती.

आमच्या पोलीस ठाण्यात तेव्हा नुकताच सायबर कक्ष सुरू झाला होता. कक्ष म्हणजे एक टेबल, एक संगणक आणि मी. माझी नेमणूक का झाली? एकदा वरिष्ठांच्या केबिनमधला प्रिंटर अडकला होता आणि मी त्यातला कागद ओढून काढला होता. त्या पराक्रमानंतर ठाण्यात विजेवर चालणारं काहीही आलं की माझ्याकडे यायचं.

एका दुपारी ठाणे अंमलदाराने एक गृहस्थ माझ्यापुढे आणून बसवले. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर, शर्ट खोचलेला, हातात पारदर्शक फोल्डर.

"डेटाबेसमध्ये फेरफार," ते बसता बसता म्हणाले. "माहिती तंत्रज्ञान कायदा. कलमं मी लिहून आणली आहेत, तुम्हाला शोधायला नकोत."

तक्रार अशी होती. त्यांच्या मुलाचं नाव घाटकोपरच्या एका वधूवर सूचक मंडळात नोंदवलेलं होतं. जन्मवेळ पहाटे पाच दहा. त्या वेळेच्या पत्रिकेत मंगळ नाही. दहिसरच्या एका मुलीशी जमलं, बोलणी झाली, हॉल बघून झाला. आणि एक दिवस मुलीकडच्यांनी मंडळातून मुलाच्या माहितीची नवी प्रत घेतली, तर त्यात जन्मवेळ चार चाळीस. त्या वेळेला मंगळ थेट सातव्या घरात. दहिसरच्या मंडळींनी दोन्ही प्रती समोरासमोर धरल्या आणि एकच प्रश्न विचारला, यातला खरा मुलगा कोणता? लग्न थांबलं.

"मी स्वतः जाऊन दोनदा वेळ दुरुस्त करून घेतली," गृहस्थ म्हणाले. "पुन्हा कुणीतरी बदलली. हा कट आहे."

"कोणाचा?"

"ते तुम्ही शोधायचं. पगार तुम्ही घेता."

अर्ज चौकशीसाठी माझ्याकडे आला. जाताना गृहस्थांनी सांगून ठेवलं की आठवड्यात गुन्हा दाखल झाला नाही तर ते वर जातील. वर म्हणजे किती वर हे त्यांच्या बोटावरून नक्की कळलं नाही, पण बोट छताकडे होतं.

दुसऱ्याच दिवशी निनावी फोन आला. बाईचा की बारीक आवाजाच्या पुरुषाचा, हेही कळलं नाही. "मंडळातल्या ताईंची भाची तिथेच नोंदवलेली आहे. बघा म्हणजे कळेल," एवढं बोलून फोन ठेवला.

मी मंडळात गेलो. एका जुन्या इमारतीचा पहिला मजला. बाहेर फोनचं टेबल, मध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी काउंटर, आत ताईंची जागा आणि त्यामागे संचालिका मॅडमची केबिन. तिन्ही टेबलांवर संगणक, प्रत्येकावर हळदकुंकू. ताई पन्नाशीच्या, भांडुपला राहणाऱ्या, मंडळात सगळ्यांत जुन्या. मॅडमनी त्यांना आधीच घरी बसवलं होतं. "चौकशी होईपर्यंत," असं म्हणाल्या, पण ताईंच्या खुर्चीवर तोवर फायली रचून झाल्या होत्या.

मंडळाचं सॉफ्टवेअर ज्याने केलं होतं तो तरुण अंधेरीहून आला. फार वेगाने बोलायचा.

"सर, सिंपल आहे. ऑडिट लॉग आहे आपल्याकडे. प्रत्येक टेबलावर ट्रिगर लावलाय."

ट्रिगर म्हटल्यावर माझ्यासोबतच्या हवालदारांनी नकळत टेबलाखाली बघितलं. ते मालवणचे, बंदुकीचे जाणकार.

"तसा ट्रिगर नाही, काका. कुणी माहिती बदलली की आपोआप एक ओळ पडते."

"खंय पडता?" हवालदारांनी विचारलं.

मग त्याने सावकाश समजावलं, आणि तेवढं मात्र मला पटकन समजलं, कारण आमची स्टेशन डायरी तशीच असते. डायरीत चूक झाली तर खरवडून काढायची नाही. एक रेघ मारायची, खालचं अक्षर दिसलं पाहिजे, बाजूला सही करायची. ऑडिट लॉग हे काम न सांगता करतो. कोणी बदललं, कधी बदललं, कुठल्या संगणकावरून, आधी काय होतं आणि नंतर काय झालं. बदलणाऱ्याला कळतही नाही की मागे कुणीतरी लिहून घेतंय. मला तो लॉग फारच आवडला. माझ्या हाताखाली असा एक शिपाई असता तर, असं वाटलं.

त्याने सगळा लॉग पाठवला आणि मी उत्साहाने छापायला दिला. ही चूक होती. संपूर्ण मंडळातल्या सगळ्या वधूवरांचे सगळे बदल. कुणाची उंची वाढली, कुणाचं वजन घटलं, कुणाची "फक्त मुंबई" ही अट आधी "मुंबई-ठाणे" झाली आणि मग "कुठेही". ठाण्यातला कागद संपला. हवालदार म्हणाले, "साहेब, ह्यातला माका कायच कळाक नाय, पण माणसांची दया इली."

शेवटी आमच्या नवरदेवापुरत्या ओळी वेगळ्या काढल्या आणि मी अधिकच गोंधळलो. चार चाळीस, मग पाच दहा, मग चार चाळीस, मग पाच दहा, मग पुन्हा चार चाळीस. पाच दहा नेहमी शनिवारी दुपारी साडेबाराला. चार चाळीस मधल्या वारी, सकाळी साडेसातच्या सुमारास. आणि प्रत्येक ओळीपुढे बदलणाऱ्याचं नाव एकच, ताईंचं. एक बाई स्वतःशीच भांडत होती आणि संगणक बिचारा दोन्ही बाजू लिहून घेत होता.

त्यातल्या त्यात शनिवारचं समजण्यासारखं होतं. गृहस्थ स्वतः दुरुस्तीला जायचे, ताई करून देत असतील. पण मंडळ उघडतं दहाला. सकाळी साडेसातला कुलूपबंद ऑफिसात शिरून, चोरून, चार चाळीस कोण लिहितं? चावी दोघींकडे, मॅडम आणि ताई. भाचीसाठी स्थळ मोकळं करण्याचा हेतू, चावीची संधी, लॉगमध्ये नाव. यापेक्षा सुबक प्रकरण माझ्या नोकरीत आलं नव्हतं. वरिष्ठ म्हणाले, "वाट कसली बघतोस? दाखल कर आणि मोकळा हो."

मी म्हटलं, आधी जबाब घेतो.

ताई दिवसाउजेडी आल्या, डबा घेऊन. महिला शिपाई शेजारी बसली.

"शेवटचा बदल झाला त्या बुधवारी सकाळी साडेसातला कुठे होता?"

"घरी."

"काय करत होता?"

"साडेसातला बाई घरात काय करते, साहेब? पाणी जायच्या आत पिंप भरत होते."

"कोणी पाहिलं?"

"पिंपाने."

महिला शिपाई खिडकीकडे बघू लागली. मी कागद पुढे सरकवला. "नाव तुमचं आहे ना?"

"माझंच."

"बदल तुम्ही केलात?"

"नाव माझं आहे, तर जबाबदारी माझीच."

"मी जबाबदारी नाही विचारली. हात कोणाचा होता?"

"ते मॅडमना विचारा. मी नाही सांगू शकत."

चौकशीचा एक साधा अनुभव सांगतो. गुन्हेगार बहुतेक वेळा दुसऱ्याचं नाव सांगायला उतावीळ असतो. निर्दोष माणूस आपण निर्दोष आहोत हे सांगायला उतावीळ असतो. ताई कशालाच उतावीळ नव्हत्या. डबा मांडीवर धरून बसल्या होत्या. निघताना फक्त एवढं म्हणाल्या, "साहेब, अटक करणार असाल तर दिवसा करा. चाळीत राहते मी. रात्री पोलीस आले तर लोक काहीही समजतात."

भाचीला फोन लावला. तिच्या नोंदीत अपेक्षा होती, "निर्व्यसनी, शिकलेला, इंजिनीअर नको." मी विचारलं, इंजिनीअर का नको?

"सर, माझे वडील इंजिनीअर आहेत. घरात एक पुरे."

आमचा नवरदेवही इंजिनीअर. म्हणजे हेतू गळाला. इमारतीच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं. सकाळी साडेसातला जिन्यात पेपरवाला आणि एक मांजर, दोघांपैकी कुणीही मंडळाच्या दारापाशी थांबलं नव्हतं. म्हणजे संधीही गळाली. उरलं फक्त लॉगमधलं नाव, आणि लॉग खोटं बोलत नाही असं अंधेरीच्या पोराने छातीठोकपणे सांगितलं होतं. बंद ऑफिसात, माणूस नसताना, संगणक आपला आपण मंगळ लावत होता.

अशा वेळी मी एक करतो. नवीन काही सुचत नसेल तर जुन्याच साक्षीदाराला पुन्हा तेच प्रश्न विचारतो. तक्रारदार गृहस्थांना बोलावलं.

"तुम्ही शनिवारी साडेबाराला दुरुस्तीला गेलात तेव्हा..."

"साडेबारा? साडेबाराला मी जेवतो. गेली चाळीस वर्षं."

"लॉगमध्ये साडेबारा आहे."

"मग लॉग चुकीचा आहे. मी दोन्ही शनिवारी संध्याकाळी सहाला गेलो होतो. शेवटच्या शनिवारी मुलुंडला नाटक होतं, नाटकाच्या आधी गेलो. हिला विचारा. नाही, हिला नका विचारू, ही नाटकाला नव्हती. तिकीट दाखवू?"

हा माणूस आपली घड्याळाची शिस्त मोडून खोटं बोलेल असं वाटेना. मग चूक कोणाची? तेवढ्यात जाणवलं की त्याच्या सहा आणि लॉगच्या साडेबारा यांच्यात फरक साडेपाच तासांचा आहे, आणि हा आकडा शाळेत भूगोलाच्या तासाला ऐकलेला होता. मी अंधेरीला फोन लावला.

"अरे, तुझं घड्याळ कुठलं आहे?"

"सर, सर्व्हर यूटीसीवर आहे ना."

"ते कुठे आलं?"

"म्हणजे ग्रीनिचची वेळ, सर. आपल्या वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे. सगळीकडे तसंच ठेवतात."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, सर."

फोन ठेवून मी सकाळच्या साडेसातमध्ये साडेपाच मिळवले. दुपारचा एक. ज्या घटकेसाठी मी कुलपं, चाव्या, पिंप आणि मांजर तपासलं होतं ती घटका विलायतेतली होती. इकडे त्या वेळी मंडळ उघडं होतं, पंखे चालू होते आणि फोन वाजत होते.

मंडळात जाऊन मॅडमना विचारलं, "दुपारी एकला ताई कुठे असतात?"

"माझ्याबरोबर जेवायला. माझ्या केबिनमध्ये. रोज. का?" आणि विचारल्यावर त्यांच्याच लक्षात आलं. त्यांचा चेहरा उतरला.

"मग त्यांच्या नावाने बाहेर कोण काम करत होतं?"

दार लावून मॅडमनी सांगितलं. ताईंच्या हाताला यश आहे अशी त्यांच्या मंडळाची ख्याती. त्यांनी नोंदवलेली लग्नं टिकतात, असं घाटकोपर ते मुलुंड सगळीकडे बोललं जायचं. नोंदणीच्या पावतीवर "नोंद करणार" म्हणून नाव छापून येतं. दुसऱ्या कुणाचं नाव आलं तर पालक पावती परत करायचे, म्हणायचे, ताईंच्या हातून करा, आम्ही थांबतो. रांग जिन्यापर्यंत जायची. म्हणून मॅडमनीच तोडगा काढला. सकाळी ताई उदबत्ती लावायच्या आणि तिन्ही संगणक स्वतःच्या नावाने उघडून द्यायच्या. मग दिवसभर कोणीही बसो, पावतीवर ताईच. पालक खूश, रांग संपली.

"म्हणून त्या बोलल्या नाहीत," मी म्हटलं.

"बोलल्या असत्या तर शेकडो घरांना वाटलं असतं आपल्याला फसवलं," मॅडम म्हणाल्या आणि मग हळूच, "मी त्यांना सांगून ठेवलं होतं, कुठे बोलायचं नाही."

आता लॉगमधला जो रकाना मी इतके दिवस टपालाच्या पिनकोडसारखा ओलांडून जात होतो, तो वाचला. संगणकाचा क्रमांक. शनिवारचे सगळे बदल काउंटरच्या संगणकावरून. एक वाजताचे सगळे फोनच्या टेबलावरून. ताई ज्यावर बसतात त्या आतल्या संगणकावरून एकही नाही.

फोनच्या टेबलावर बसणारी मुलगी समोरच डबा उघडत होती. तिची चौकशी मी आधीही केली होती. सकाळी साडेसातला इथे कोण होतं, असं विचारलं होतं आणि कुणीच नाही, असं तिने प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

"दुपारी एकला या मुलाची वेळ कोण बदलायचं?"

"मीच," ती म्हणाली. "फोन यायचा ना त्यांच्या घरून. नोंदणी क्रमांक सांगायचे, मुलाची जन्मतारीख सांगायचे, मी बदलायचे. काय झालं, सर?"

"घरून म्हणजे कोण?"

तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. मॅडम, ताई, फोनवाली मुलगी, तक्रारदार गृहस्थ आणि, पहिल्यांदाच, त्यांच्या सौभाग्यवती. गृहस्थांना हे आवडलं नाही.

"हिचा काय संबंध? हिला कॉम्प्युटर लावता येत नाही."

"फोन लावता येतो," बाई म्हणाल्या.

गृहस्थांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू घरातलं कपाट बोललं.

बाईंना नवऱ्याने एवढंच सांगितलं होतं की कुणीतरी कॉम्प्युटर हॅक केलाय. हॅक म्हणजे काहीतरी मोठं, परदेशातून होणारं, असा त्यांचा समज. आपला दुपारचा फोन आणि हॅक यांचा संबंध असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आता समोर ताई दिसल्या, मांडीवर तोच डबा. बाईंनी विचारलं, "या कोण?" मी म्हटलं, "ज्यांच्यावर गुन्हा दाखल करायचा आहे त्या." बाई लगेच उठून उभ्या राहिल्या. "कशाबद्दल? वेळ मी बदलायला लावली. माझं नाव लिहा."

जबाब नोंदवला. मुलाची खरी वेळ चार चाळीस, हे त्यांचं ठाम म्हणणं. मंगळ आहे तर आहे. खोटं सांगून सून घरात आणायची नाही. घरात सांगितलं असतं तर वाद झाला असता, म्हणून हे बाहेर गेले की दुपारी फोन करायच्या. शनिवारी हे जाऊन पाच दहा करून यायचे, मधल्या वारी त्या चार चाळीस. फोनवर पुन्हा पाच दहा ऐकलं की बाई ती मंडळाची चूक समजायच्या; दोघांनाही दुसऱ्याचा पत्ता नव्हता. मुलीकडच्यांच्या हाती एक प्रत नवऱ्याच्या आठवड्यातली पडली आणि दुसरी बायकोच्या.

गृहस्थांनी अर्ज मागे घेतला. फोल्डर बंद करताना त्यांच्या बोटांना बटण सापडेना. ताईंसमोर उभे राहून ते काहीतरी पुटपुटले. ताई म्हणाल्या, "असू दे, भाऊ. घरी जा आणि आधी एक वेळ ठरवा." अर्ज दप्तरी दाखल झाला. मॅडमनी ताईंच्या खुर्चीवरच्या फायली स्वतः उचलल्या. मंडळात आता प्रत्येक जण आपल्या नावाने काम करतो आणि रांग पुन्हा जिन्यापर्यंत जाते. दहिसरची मंडळी पुन्हा बोलायला तयार झाली असं कानावर आलं. त्यापुढचं माझ्या हद्दीत येत नव्हतं. निनावी फोन कोणाचा होता ते कधीच कळलं नाही, त्याचा लॉग कुणी ठेवत नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नव्या मुलांपुढे बोलताना विचारलं जातं. लॉग खोटं बोलत नाही हे खरं आहे. पण तो नाव लिहितो, हात लिहीत नाही. काय बदललं ते लिहितो, का बदललं ते लिहीत नाही. आणि त्याचं घड्याळ कोणत्या गावचं आहे हे विचारल्याशिवाय सांगत नाही. मी तर त्याच्या भरवशावर एका सरळ बाईला भर वस्तीतून उचलून आणायला निघालो होतो. कागदावर सगळं जुळलं होतं. माणसांना विचारायचं तेवढं राहिलं होतं, आणि ज्यांना सगळ्यांत आधी विचारायला हवं होतं त्या घरी होत्या.

त्या दिवशी जबाब लिहिताना हवालदारांनी सरकारी मराठीत नोंद केली, "सदर महिलेने मुलाच्या जन्मवेळेबाबत स्वतःस प्रत्यक्ष माहिती असल्याचे नमूद केले." कागदावर तसंच आहे. पण झालं होतं असं, की गृहस्थांनी मध्येच बायकोला दटावलं, "पाच दहाला नर्सने येऊन मला सांगितलं, तेव्हा मी घड्याळ बघितलं होतं. तुला काय माहीत?" आणि इतका वेळ शांतपणे जबाब देणारी ती माउली सगळ्या पोलीस ठाण्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुम्ही खाली चहा पीत होता हो, बाळंत मी होत होते!"